न मागितलेला फिल्टर

"हा मागत का नाही?"

व्यंकटरावांनी मागणीचं रजिस्टर फिरवून माझ्यापुढं सरकवलं आणि एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "बाकीच्या गाड्यांचे ड्रायव्हर महिन्याला दोन-दोन एअर फिल्टर मागतात. ह्या रामकिशनची अकरा महिन्यांत एकसुद्धा मागणी नाही. का नाही?"

"लागत नसेल," मी म्हणालो.

व्यंकटरावांनी चष्मा काढला. ते भांडारशाखेचे हेडक्लार्क. त्यांनी चष्मा काढला की समोरच्यानं गप्प बसायचं, असा आमच्याकडं रिवाज होता. मी, शिवमूर्ती निटुरे, त्यांच्या हाताखालचा कनिष्ठ लिपिक. नोकरीला दीड वर्ष झालेलं आणि आपल्याला सगळं कळतं याची खात्री झालेली.

"निटुरे, ह्या धुळीत फिल्टर लागत नाही अशी गाडी अजून जन्माला यायची आहे. एकतर हा फिल्टरशिवाय गाडी पळवतोय, नाहीतर काहीतरी भलतंच बसवून बसलाय. कुठंतरी पाणी मुरतंय."

त्या वर्षी लातुरात मुरायला पाणी कुठं होतं, हे माझ्या तोंडावर आलं होतं, पण चष्मा अजून त्यांच्या हातात होता.

आमचा जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं होत आली होती. भाऊ वेगळे होतात तशी दोन जिल्ह्यांची वाटणी झाली होती. टायपरायटर, कपाटं, पंखे मोजून आले. आमच्या कचेरीतल्या टंचाई शाखेच्या वाट्याला एक पांढरी अँबॅसडर आली, जिचा मागचा डावा दरवाजा आतून उघडत नसे. तिच्याबरोबर वाटणीतच आल्यासारखा रामकिशन वाघमारे आला. चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. सात वर्षं रोजंदारीवर गाडी चालवत होता. याच महिन्यात कायम करायच्या माणसांची यादी वर जाणार होती आणि तिच्यात त्याचं नाव पहिलं होतं.

"यादी जायच्या आत मला तुमचा अहवाल पाहिजे," व्यंकटरावांनी एक छापील नमुना दिला. खाली पाचवा प्रश्न होता: मूळ सुटा भाग बसवलेला आहे काय? पुढं दोनच शब्द, होय आणि नाही. "खाडाखोड चालायची नाही. 'नाही' असेल तर नाव यादीतून काढायचं. तसा नियम आहे."

मी नमुना घडी करून खिशात ठेवला. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. एखाद्याची चोरी पकडण्याचं काम माझ्याकडं पहिल्यांदाच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी टंचाई शाखेच्या साहेबांना बैठक होती, गाडी मोकळी होती. टँकरच्या खेपा तपासायला अहमदपूरच्या बाजूला जायचं काम मी मागून घेतलं. सकाळी सातला निघालो. मे महिना होता. डांबरी सोडून गाडी कच्च्या रस्त्याला लागली आणि मागं बघितलं तर वाट दिसेना. घोट्याएवढा फुफाटा होता. काचा वर केल्या तरी धूळ आत यायची. दातांत कचकच, कानांत धूळ, पापण्यांवर धूळ. समोरून येणारा ट्रक धुळीच्या ढगातून दिवे लावून यायचा.

आणि आमची म्हातारी अँबॅसडर मात्र गुणगुणत चालली होती. मला गाड्यांमधलं काही कळत नव्हतं, पण ऑफिसच्या दुसऱ्या गाडीतून मी फिरलो होतो. ती चढाला खोकायची, काळा धूर सोडायची. ही तर गिअर न बदलता चढ चढली. संशय आणखी बळावला.

पहिल्या गावाला टँकर आलेला होता. विहिरीत पाणी सोडलेलं, काठावर बायांची झुंबड, शंभर दोर आणि शंभर पोहरे. मी सरपंचाची सही घेतली आणि गाडीजवळ आलो. रामकिशन बाभळीच्या सावलीत उभा होता. सावली कसली, नुसत्या काड्या.

"रामकिशन, बॉनेट उघडा."

त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. बॉनेट उघडलं. आत इंजिनावर काळ्या रंगाचा एक गोल डबा होता, वर चावीसारखी चिमटीत धरायची नट. ह्याच डब्यात फिल्टर असतो हे मी आदल्या दिवशी एका गॅरेजमध्ये विचारून ठेवलं होतं. इंजिनात जाणारी हवा आधी त्यातून गाळून जाते. घड्याघड्यांचा जाड कागद एका कड्यात बसवलेला असतो. धुळीनं बुजला की गाडी धापा टाकते, मग जुना फेकायचा आणि नवा घालायचा.

रामकिशननं आधी फडक्यानं डबा पुसला, आजूबाजूची धूळ पुसली, हात पुसले. देवघरात शिरायच्या आधी लोक करतात तेवढं सगळं केलं आणि मग झाकण काढलं.

आत कागद नव्हता.

आत एक गोल कडं होतं. बाहेरून पिठाच्या चाळणीची बारीक जाळी, आतून तसलीच जाळी आणि दोन्हींच्या मधे कापड. कापडाला निऱ्या घातलेल्या. लुगड्याच्या असतात तशाच, पण बोटाएवढ्या उंच, आणि इतक्या सारख्या की एक दुसरीपेक्षा केसाएवढीही कमीजास्त नव्हती. बाहेरच्या बाजूनं त्या निऱ्यांवर धुळीचा तांबूस थर बसला होता. तेलकट, ओलसर.

"हे काय आहे?"

"फिल्टरच हाय, साहेब."

"हा कुठल्या कंपनीचा?"

"घरचा हाय," तो म्हणाला.

झालं, सापडला. मी खिशातला नमुना चाचपला. पण माझ्यातला तपासनीस अजून भुकेला होता. "याच्यातून धूळ आत जात असेल. इंजिनाचं वाटोळं झालं असेल."

रामकिशननं माझ्याकडं बघितलं. "रुमाल हाय का तुमच्यापशी? पांढरा?"

माझ्याकडं होता. बायकोनं कडेला वेल काढलेला, सकाळीच घडी मोडलेला. त्यानं कडं उचलून फडक्यावर ठेवलं. खाली हवा आत जायचं तोंड उघडं झालं. "आतून पुसा. बोट जाईल तितकं आत."

मी रुमाल बोटाला गुंडाळला आणि आत घातला. सगळीकडून फिरवला, दाबून फिरवला, कारण मला काहीतरी काळं निघायला हवं होतं. बोट बाहेर काढलं.

रुमाल पांढरा होता.

मी दुसरी बाजू गुंडाळली. परत पुसलं. पांढराच. मग मी त्याच रुमालानं माझं कपाळ पुसलं आणि तो लालतांबडा झाला. भाकरीत धूळ होती, फायलीत धूळ होती, शंकराच्या पिंडीवर धूळ होती. सबंध जिल्ह्यात धूळ न गेलेली एकच जागा उरली होती, आणि ती ह्या मोडक्या गाडीच्या पोटात होती. मी तिथं उन्हात नुसता उभा राहिलो.

"साहेब, गाडी पेट्रोल पिती ते समद्यास्नी दिसतंय," रामकिशन झाकण लावत म्हणाला. "वारा किती खाती ते कुनाला दिसत न्हाई. एका लिटरला एक खोली भरून वारा लागतोय तिला. अन् आपला वारा कसा हाय ते तुमी बगायलाव."

पुढच्या रस्त्याला मी मागून उठून त्याच्या शेजारी बसलो. एका चढावर त्यानं गाडी हळू केली. रस्त्याच्या कडेला एक उघडाबोडका दगड होता.

"मागच्या साली हितं बंद पडलो होतो. कागदी फिल्टर गच्च झालता. आफिसात मागनी केलती, तर म्हनले, नव्या जिल्ह्याचं भांडार अजून मंजूर न्हाई, जुन्या जिल्ह्याला लिवलंय. साहेब ट्रकात बसून माघारी गेले. वरच्या वाडीला टँकर द्यायचा का न्हाई ते बगायला चाललो होतो. ती पाहनी आठ दिवसांनी झाली. आठ दिवस त्या बाया तीन कोस जाऊन पानी आनत होत्या. एका फिल्टरापायी. घरी जाऊन मायला सांगितलं, तर ती रातभर झोपली न्हाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यानं बुजलेला कागदी फिल्टर घरी नेऊन फोडला होता. घड्या किती, उंची किती, मोजून घेतलं. आधी तोच धुऊन बघितला, तर कागदाचा लगदा झाला. मग मनात आलं, माय टँकरचं पाणी कापडातून गाळते, तर वारा का गाळता येऊ नये? बायकोची चाळणी मोडली. बाजारातून मांजरपाट आणलं, पण त्याला खळ इतकी की गाडीचा जीव गुदमरला. दवाखान्यातली जखमेची जाळी आणली, तर ती इतकी विरळ की धूळ सरळ आत.

"अन् कोरड्या कापडावर धूळ टिकत न्हाई. तेल पायजे. घरात करडीचं तेल होतं, तेच लावलं."

"मग?"

तो पहिल्यांदाच हसला. "चार दिवस गाडीला भज्याचा वास. साहेब मागं बसून इचारायचे, वाघमारे, कुठं तळण काढलंय का रं? पाचव्या दिशी ते तेल वाळून कापडाचा पापड झाला. करडीचं तेल वाळतंय, साहेब. आमाला ठावं असून ध्यानात आलं न्हाई. मग इंजिनाचंच पातळ तेल घेतलं."

"आणि हे कापड? हे कुठं मिळालं?"

तो गिअर बदलत राहिला.

तीन गावं करून परत फिरलो तेव्हा दुपार कलली होती. लातूरच्या कडेला, खडी केंद्राच्या पलीकडं त्याची वस्ती होती. "साहेब, आज धुवायचा दिवस हाय. दर आठ दिवसाला धुतोय. दहा मिनटं थांबलाव तर बगून घ्या, तुमच्या कागदात लिवायला बरं."

म्हणजे माझ्या खिशात काय आहे हे त्याला सकाळपासून ठाऊक होतं. मी ओशाळलो.

दोन खोल्यांचं घर, पत्र्याचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो, दोन्हींच्या काचा लख्ख. दारात त्याची आई बसली होती. सरजाबाई. सत्तरीची असेल, लहानखुरी, पण नजर तेज. तिच्यापुढं घागर होती, घागरीच्या तोंडाला चार पदरी कापड बांधलेलं आणि टँकरचं गढूळ पाणी ती वाटीवाटीनं त्यावर ओतत होती. घाई नाही. एक वाटी उतरली की दुसरी.

"कोन आलंय रं?"

"आफिसातले साहेब हायत, माय."

"मंग पानी दे की त्यास्नी."

त्याची बायको चांगुणा तांब्या-भांडं घेऊन आली आणि माझ्यापासून दोन पावलांवर थांबली. मी लिंगायताच्या घरचा. अशा वेळी आमच्याकडचे लोक 'आत्ताच प्यालो' म्हणतात. मीही आजवर म्हणत आलो होतो. माझी जीभ टाळूला चिकटली होती आणि तरी ते शब्द ओठांपर्यंत आले, हे मी कबूल करतो. मग माझी नजर त्या भांड्यात गेली. तळ दिसत होता. तीन गावं फिरून आलो होतो, इतकं स्वच्छ पाणी कुठं पाहिलं नव्हतं. मी भांडं घेतलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. चांगुणानं परत भरलं.

रामकिशननं कडं आणलं. चांगुणानं एका डब्यात घोटभर रॉकेल घेतलं, तेच जपून ठेवलेलं, तळाला गाळ बसवून परत परत वापरलेलं. कडं त्यात हलक्या हातानं फिरवलं. धूळ सुटली. मग कपडे धुतलेलं साबणाचं पाणी, तेही राखून ठेवलेलं. ब्रश नाही, पिळणं नाही, नुसतं हलवायचं, तान्ह्या पोराला आंघोळ घालावी तसं. शेवटी सरजाबाईनं आपल्या गाळलेल्या घागरीतलं एक भांडं पुढं केलं.

"तुझं प्यायचं हाय ते, माय."

"माझं हाय तर मी दितोय ना."

ते भांडंभर पाणी चांगुणानं आतल्या बाजूनं धारेनं सोडलं. निऱ्यांमधून तांबूस पाणी निघालं, मग पिवळट, मग नुसतं पाणी. कापड दिसायला लागलं. तेलानं कळकट झालेलं, पण मुळात पांढरं, आणि इतकं तलम की जाळीमागून पत्र्याच्या फटीतलं ऊन त्यातून पाझरत होतं.

"निऱ्या कुणी घातल्या?" मी विचारलं.

"मी," चांगुणा म्हणाली. "कागदाच्या घड्या मोजल्या तर एकशेवीस भरल्या. म्हनलं, रोज लुगडं नेसतोय आपन, हे काय अवघड हाय? पर बारा दिवस लागले."

"आणि कापड?"

दोघांनी म्हातारीकडं बघितलं. म्हातारी आत गेली. पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पांढऱ्या कापडाची एक घडी होती. गुडघ्यावर ठेवून तिनं ती उलगडली.

"छप्पन साली नागपूरला गेलो आमी, दीक्षेला. ह्यो इतका होता." तिनं रामकिशनची उंची हातानं दाखवली. "समद्यांनी पांढरं नेसायचं ठरलेलं. ह्याच्या बापानं दोन महिने खडी फोडून लुगडं घेतलं. जन्मात पहिलं कोरं लुगडं माझं. पुढं अर्धं इरलं, त्याची नातवांस्नी झबली केली. एवढं चार हात ठेवलं होतं, माझ्यासंगं न्यायला. मेल्यावर हेच टाका म्हनलं अंगावर, नवं आनू नका."

मी त्या घडीकडं बघत होतो. एका कडेला ती फाडलेली होती. सरळ, एका दमात फाडलेली.

"चारातलं एक हात दिलं," ती म्हणाली. "ह्यानं बाजारातलं समदं कापड पालथं घातलं. जमंना. म्हनलं, तीस वर्सं धुऊन धुऊन मऊ झालेलं माझ्यापशी हाय, ते घे. ह्यो घेईना. मीच फाडलं. गाडी पोचली तर पान्याचा टँकर यील. माझं काय, तीन हातात भागतंय."

ही बाई कधी त्या गाडीत बसली नव्हती. त्या वाडीत तिचं कुणी नव्हतं. मी गळ्यात लिंग बांधून रोज पूजा करणारा माणूस, मला त्या दारात उठून उभं राहावंसं वाटलं, आणि मी उभा राहिलो.

तिला वाटलं मी निघालो. "साहेब, एक इचारू? माझ्या लेकराला कायम कधी करनार? मी डोळं मिटायच्या आत हुईल का?"

"होईल, मावशी," मी म्हणालो. त्या क्षणी मला पक्कं ठाऊक होतं की काय लिहायचं.

कडं वाळायला वेळ लागला नाही, वारा नुसता पेटलेला होता. रामकिशननं बोटानं तेलाचा हात फिरवला, जास्तीचं टिपून घेतलं आणि ते डब्यात बसवलं. निघायच्या आधी आईला आत नेऊन तो तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलून आला.

ऑफिसच्या फाटकाशी गाडी थांबली. मी नमुना काढला, मांडीवर ठेवला, पेनाचं टोपण काढलं. "पाचवा प्रश्न," मी म्हणालो, "मूळ भाग बसवलेला आहे काय. होय लिहितो. विषय संपला."

"नका लिहू, साहेब."

"अहो, नाही लिहिलं तर नाव उडेल तुमचं. सात वर्षं वाट बघितलीत."

"मालूम हाय."

"मग?"

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि समोर बघत होता. "होय लिवलं म्हंजी आत कागद हाय असं हुतंय. मंग मायनं फाडून दिलेलं ते कुठं गेलं? चांगुणाच्या निऱ्या कुठं गेल्या? उद्या कुनी बॉनेट उघडलं तर म्हनंल, ड्रायव्हरनं फडकं कोंबलं. जे हाय ते लिवा. त्याला कागद तेवढं म्हनू नका."

"आणि मावशीनं जे विचारलं त्याचं?"

"तिलाच इचारून आलोय," तो म्हणाला. "ती म्हनली, खरं लिवू दे."

मी 'नाही' लिहिलं. मग नमुन्याच्या पाठीमागं दीड पान लिहिलं: जाळी, निऱ्या, तेल, रुमाल, सगळं. आयुष्यात तेवढं मन लावून मी दुसरं काही लिहिलं नाही. व्यंकटरावांनी पुढची बाजू वाचली आणि कागद फायलीला लावला. पाठची बाजू वाचायचा नियम नव्हता.

यादी वर गेली, रामकिशनचं नाव सोडून. शिवाय आदेश निघाला की बिगरमंजूर वस्तू काढून भांडारात जमा करावी. तोवर आमचं भांडार मंजूर झालं होतं आणि कागदी फिल्टरची खोकी येऊन पडली होती.

तो जमा करायला आला तेव्हा कडं धुऊन, वाळवून, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. व्यंकटरावांनी जमा-रजिस्टर उघडलं. वस्तूचं नाव: कापडी गाळणी, गोल. नग: एक. मग स्थितीचा रकाना आला. तिथं ते सवयीनं 'नादुरुस्त' लिहायला लागले, कारण जमा होणारी वस्तू नादुरुस्तच असते. चालू वस्तू कोण जमा करणार?

"चालू लिवा, साहेब," रामकिशन म्हणाला.

व्यंकटरावांनी चष्मा काढला. रामकिशन हलला नाही. मी माझा रुमाल काढून टेबलावर ठेवला. धुऊनही कपाळाची माती त्याच्यातून गेली नव्हती, आणि दुसरं टोक तसंच पांढरं होतं. व्यंकटरावांनी रुमालाकडं बघितलं, मग फायल उघडून माझा कागद उलटा केला. सावकाश दीड पान वाचलं. वाईट माणूस नव्हता तो, फक्त उशिरा वाचणारा होता. त्यांनी 'ना' खोडलं, मग उरलेलं सगळं खोडलं, वर 'चालू' लिहिलं आणि खाडाखोडीवर स्वतःची सही केली.

पुढचं वर्षही कोरडंच गेलं. गाडीला महिन्याला दोन कागदी फिल्टर लागायला लागले. चढाला ती खोकायला लागली. रामकिशन कधी काही बोलला नाही. त्याची फाईल मी चार वेळा वर पाठवली, चार वेळा शेरा येऊन खाली आली. शेवटी त्याचा कायमचा आदेश ऑगस्टात निघाला. सरजाबाई त्याच्या आधी, मे महिन्यातच गेली.

मला निरोप सकाळी मिळाला. मी भांडाराची किल्ली घेतली, मागच्या फळीवरचं वर्तमानपत्राचं पुडकं काढलं, पिशवीत घातलं आणि कुठंही नोंद न करता बाहेर पडलो. नियमावर जगणाऱ्या माणसानं केलेली ती एकुलती एक चोरी. तिची मला कधी लाज वाटली नाही.

वस्तीत माणसं जमली होती. दारात पांढरी अँबॅसडर उभी होती, साहेबांनीच ती त्याला नेऊ दिली होती. सरजाबाईला अंगणात ठेवलं होतं. अंगावर तेच कापड. ती लहानखुरी, तरीही ते पुरलं नव्हतं. गळ्यापासून घोट्याच्या वरपर्यंत आलं होतं आणि पावलं बाहेर राहिली होती. एकजण म्हणाला, दुकानातून हातभर कापड आणू का? रामकिशननं मान हलवली. "नवं आनू नका म्हनलीय ती."

मी त्याला बाजूला घेतलं आणि पिशवीतून पुडकं काढलं. "हा तिचाच हात आहे, रामकिशन. जाळी काढू, निऱ्या उसवू. पायांवर पुरेल."

त्यानं कागद सोडला. कडं हातात घेऊन निऱ्यांवरून बोट फिरवलं. वर्षभर फळीवर पडून होतं, पण धूळ कागदावरच राहिली होती.

"रजिस्टरात काय लिवलं?"

"काही नाही. तसंच आणलंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या सबंध ओळखीत तेवढा एकदाच. मग म्हणाला, "तिनं हे गाडीला दिलेलं हाय, साहेब. दिलेलं माघारी घेऊन तिच्यासंगं धाडलं तर ती काय म्हनंल मला?"

तो गाडीकडं गेला. बॉनेट उघडलं. फडक्यानं डबा पुसला, हात पुसले, नट सोडली. आतला कागदी फिल्टर काढून बाजूला ठेवला आणि कडं त्याच्या जागी बसवलं. दाबून बघितलं. झाकण लावून नट आवळली. चांगुणा दारात उभी राहून बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला होता, पण ती रडत नव्हती, त्या बसवण्याकडं लक्ष देऊन होती.

मग बॉनेट लावून तो परत आला आणि पुढचा उजवा खांदा त्यानं घेतला. मागचा एक मी घेतला.

वाट खडी केंद्रावरून होती. धूळ उडत होती, सगळ्यांचे पाय पोटऱ्यांपर्यंत तांबडे झाले होते. माझ्या तोंडासमोर सरजाबाईची पावलं होती, उघडीच. चांगुणानं ती सकाळी तिच्याच घागरीतल्या गाळलेल्या पाण्यानं धुतली होती. टाचांना खोल भेगा होत्या, आणि त्या भेगांत धूळ नव्हती.